चंद्री व्यायच्या आत

६ जुलै, रविवार
चंद्री आज गेली. मुळशीचा गेणबामामा टेम्पो घेऊन आला होता. आईच्या नात्यातला, म्हणजे व्यवहार घरातच राहिला. म्हैस विकली असं मी म्हणणार नाही. भांडवल एका गोठ्यातून दुसरीकडे हलवलं.
उद्या बाजार उघडला की सगळे पैसे मेमरी चिप बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये. एआय आलं आहे. एआयला मेमरी लागते, आणि दरवर्षी जास्त लागणार. हे अख्ख्या माण गावात फक्त मला समजलं आहे, कारण त्या कंपनीतला कौस्तुभ माझ्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. लोक टीव्ही बघून शेअर घेतात. मी जिना बघतो.
शेअर घेऊ का, असं त्याला थेट विचारलं होतं. तो खाली बघून म्हणाला, काका, मला नका विचारू. म्हणजे आतली बातमी मोठी आहे.
बायको, शुभांगी, एका अटीवर तयार झाली. अट गेणबाने टेम्पोचं फाळकं लावताना सगळ्यांसमोर बोलून दाखवली. "दहावा लागलाय तिला. व्यायच्या आत आलास तर त्याच पैशात म्हैस तुजी. व्याली का माजी."
मी दिवाळीला दोन म्हशी बांधतो म्हणालो. दावं तेवढं शुभांगीने सोडून घेतलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं. ते आता पडवीतल्या खुंटीवर आहे.
संकल्प: ॲप दिवसातून एकदाच उघडायचं.

९ जुलै
शेअर वर. ॲप अकरा वेळा उघडलं, पण त्यातल्या पाच वेळा नुसतं नेटवर्क तपासायला.
चंद्री आटल्यापासून पिशवीचं दूध होतं, आता तेच राहणार. वरची भाडेकरू पोरं एरवी चंद्रीचंच दूध घ्यायची, ती चौकशी करत होती. शुभांगी अजून पाचला उठते. गोठ्याचा दिवा लावते आणि परत येऊन बसते. सवय आहे. महिन्याभरात जाईल.

१८ जुलै
शेअर इतका वर गेला आहे की चंद्री परत आणून वर एक फ्रिज येईल. शुभांगीने आज पहिल्यांदा विचारलं, आणायची का? मी तिला कंपाउंडिंग समजावलं. आत्ता विकणं म्हणजे गाभण म्हैस बाजारात काढण्यासारखं आहे, असं तिला कळेल अशा भाषेत सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. उदाहरण बदलायला हवं होतं.
मग म्हणाली, दुसरी म्हैस कशाला? मी म्हटलं, वाढ. ती म्हणाली, मला तीच पाहिजे.
कौस्तुभ हल्ली सकाळी आठला लॅपटॉप घेऊन जातो तो रात्री येतो. शुभांगीने दिलेला जेवणाचा डबा निम्मा परत येतो. चेहरा ओढलेला. कंपनीकडे मागणी सांभाळायला माणसं पुरत नसणार. होल्ड.

२७ जुलै, रविवार
शुभांगीच्या हट्टापायी मुळशीला जाऊन आलो. धरणाच्या बाजूला रेंज नाही, म्हणून रविवारी बाजार बंद असूनही मला अस्वस्थ वाटत होतं.
चंद्रीने शुभांगीला लांबूनच ओळखलं. मान वळवून तिचा पदर हुंगला आणि चघळायला घेतला. शुभांगीने तो सोडवला नाही. गेणबा म्हणाला, कास भराय लागलीया, लई दिवस न्हाईत आता. मी त्याला म्हटलं, मामा, माझं सगळं गणित झालेलं आहे. तो म्हणाला, तुजं झालं असंल, तिचंबी झालंय.
म्हाताऱ्याला बोलायची सवय आहे.
परत येताना शुभांगी पार पौडपर्यंत पदराचं ते ओलं टोक हातात धरून बसली होती.
संकल्प: पुढच्या आठवड्यात नक्की विकायचा. अजून थोडाच वर गेला की.

४ ऑगस्ट
शेअर खाली. याला करेक्शन म्हणतात. चांगल्या शेअरलाच येतं.
कौस्तुभ आज घरीच होता. वरती इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट, लॅपटॉपसमोर बसून इंग्रजीत हसत होता. परदेशी लोकांशी मीटिंग. कंपनी विस्तार करते आहे. पाण्याची टाकी तपासायच्या निमित्ताने मी दोनदा वर गेलो. दोन्ही वेळेला तो स्वतःबद्दलच सांगत होता. म्हणजे बढती.

६ ऑगस्ट
आणखी खाली. आज विकला तर या महिन्याची भाडी घालून चंद्री कशीबशी येते. उद्या खाली गेला तर येणार नाही.
गेणबाचा फोन आला. मी उचलला नाही. घाबरून घेतलेला निर्णय चुकतो, असं सगळे तज्ज्ञ सांगतात. मग त्याने शुभांगीला लावला. ती नुसतं व्हय, व्हय म्हणत होती. फोन ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. चंद्री चारा कमी खातेय आणि सारखी उठबस करतेय, एवढंच सांगितलं. मी शुक्रवारपर्यंत मुदत मागितली.
जेवताना लक्षात आलं, खुंटीवरच्या दाव्याला तिने तेल लावून ठेवलं आहे.

८ ऑगस्ट, शुक्रवार
विकायला ॲप उघडलं. शेअर किंचित वर होता. वर जात असताना कोण विकतं? थांबलो. दुपारी पुन्हा बघतो तर कालच्याही खाली. मग वर येण्याची वाट बघत बसलो. बाजार बंद झाला.
संध्याकाळी कौस्तुभ खोली सोडतोय म्हणून सांगायला आला. बंगळूरला नोकरी लागली. मी म्हटलं, अरे, एवढी चालती कंपनी सोडून? तो पायरीवर बसला.
"काका, आमची अख्खी टीम त्यांनी जूनमध्येच काढली. तुम्ही विचारलंत तेव्हा लाज वाटली."
रोज सकाळी तो लायब्ररीत जाऊन बसत होता. अकोल्याला आईवडिलांनाही सांगितलं नव्हतं. सोमवारची ती मीटिंग म्हणजे इंटरव्ह्यू. शुभांगीने त्याला जेवायला थांबवलं. डबा अर्धा येत होता तेव्हाच मला समजलं होतं, असं त्याला म्हणाली. मला कधी बोलली नाही. मी विचारलं नव्हतं.
आता शांतपणे विचार करतो. माणसं काढली म्हणजे खर्च कमी. खर्च कमी म्हणजे नफा. म्हणजे माझा अंदाज मुळात बरोबरच होता, कारण तेवढं चुकलं.

९ ऑगस्ट, शनिवार
ठरलं. सोमवारी बाजार उघडताच विकणार, कमी पडतील ते भावाकडून घेणार. स्वतः गेणबाला फोन केला. सोमवारी दुपारपर्यंत थांब म्हटलं. तो म्हणाला, "मी थांबतो रं. तिला इचारून सांगतो."
शुभांगीने गोठा झाडून घेतला. फरशी धुतली. मी बादल्या भरून दिल्या.

१० ऑगस्ट, रविवार
नऊच्या सुमारास गेणबा आला. हातात किटली. किटलीत चीक. चंद्री पहाटे व्याली. रेडी झाली, कपाळावर आईसारखाच चांद आहे म्हणाला. अटीचा विषय त्याने काढला नाही. मी काढणार होतो. पण दारी चीक घेऊन आलेल्या माणसाशी व्यवहाराचं बोलता येत नाही.
शुभांगीने खरवस केला. वेलची, जायफळ, सगळं घालून. वरच्या पोरांना वाटला, कौस्तुभला दोन वड्या जास्त दिल्या. स्वतः घेतला नाही.
किटली रिकामी परत द्यायची नसते. तिने आत गूळ ठेवला. मग पडवीत जाऊन खुंटीवरचं दावं काढलं, नीट गुंडाळलं आणि गेणबाच्या हातात दिलं.
"ह्येच बांधा तिला. नव्या दाव्यानं मान सोलती तिची."
गेणबा दावं घ्यायला तयार नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी मोबाईलमध्ये बघत होतो. रविवार होता. त्यात काहीच नव्हतं.

११ ऑगस्ट, सोमवार
शेअर वर आहे. चांगलाच वर. तज्ज्ञ म्हणतात, हा तळ होता.
मी म्हणतच होतो.
खुंटीला मोबाईलचा चार्जर टांगला आहे.
आज शुभांगी पाचला उठली नाही. मीच उठलो. गोठ्याचा दिवा लावला आणि परत येऊन बसलो.