पाठमोरा माळी

सोमवार, ४ तारीख
आज गॅलरीत कामाला लागले. झाडू, पोचा आणि चित्रांवरची धूळ, बस्स. वॉचमन म्हणाला, मावशी, इथली माणसं भिंतीवर टांगलेली आहेत, उलटून बोलत नाहीत, मजेत राहाल. मी म्हटलं, तूही शेजारी टांगून घे. मॅनेजरबाईंनी ही वही दिली, रोजचं काम लिहायला. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षराला कुणी नावं ठेवू नयेत.

चित्रं तुरुंगात राहून आलेल्या आदिवासींनी काढलीत. तुरुंगातल्याच चादरींवर, कोळशाने आणि विटेच्या भुकटीने. बरीच माणसं पाठमोरी. तोंडं जमली नसतील.

मंगळवार, ५
एका चादरीच्या तळाशी कोळशाचा जाड पट्टा होता. कुणीतरी हात पुसलेत, दुसरं काय! ओल्या फडक्याने खसाखसा घासून काढला. आता कशी लख्ख दिसते.

बुधवार, ६
ते चित्र काढणारी म्हातारी आली. पट्टा कुठे गेला म्हणाली. घाण होती, पुसली, असं सांगितलं. तिने डोक्यालाच हात लावला.

त्यांच्यात खोट्या आरोपावर आत जाऊन मेलेल्याला पाठमोरा काढतात. अडकवणारा खरं बोलला की मगच तोंड काढायचं. तोवर पायाशी कोळशाचं कुंपण, म्हणजे तो स्वतः खरं विचारायला निघत नाही. हा तिचा भाऊ म्हणे. एका बंगल्यात माळी होता.

मग मी चित्र नीट बघितलं. डावा खांदा खाली उतरलेला. ओळखलं मी.

गुरुवार, ७
ही वही आता बाईंना द्यायची नाही. त्या बंगल्यात मी स्वयंपाकाला होते. मालकिणीची चेन माझ्या पोरीने उचलली. सतराची होती, अक्कल नव्हती. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी माळ्याकडे बोट दाखवलं. आदिवासी माणूस, त्यांना लगेच पटलं. तो नुसता बघत राहिला माझ्याकडे. दोन वर्षांत आतच मेला. आता पोरगी सासरी सुखात आहे, सातवा महिना लागलाय. कुठल्या तोंडाने खरं सांगू?

शुक्रवार, ८
पुसलेल्या फरशीवर काळी पावलं. चादरीपासून माझ्या बादलीपर्यंत. तीनदा पुसली, तीनदा उमटली. वॉचमनला दिसत नाहीत. म्हणतो, चष्मा लावा.

शनिवार, ९
चादर कोरी.
म्हातारी म्हणाली, तो एकदाच विचारेल. खरं ऐकलं की परत येईल. पुन्हा खोटं ऐकलं तर बोलणाऱ्यालाच सोबत नेईल. माझ्याकडेच बघत होती. मी तोंड उघडलं. पोरीचं पोट डोळ्यांसमोर आलं. मिटलं.

रविवार
दार लावून बसलेय. इथे आला नाही.
दुपारी पोरीचा फोन. दारात कुणीतरी पाठ करून उभं आहे. एक खांदा खाली. उघडू नको म्हटलं. जावई कामावर—
तिला विचारतोय, चेन कुणी घेतली.
मी म्हटलं, माझं नाव सांग. आईने घेतली म्हण. तसंच म्हणाली ती त्याला—
दार बंदच आहे म्हणते, पण तो आत—
फोनमधून त्याला ओरडून सांगितलं. खोटं आहे, ऐक, चेन पोरीने घेतली, मी बघितलं होतं, मला ने, तिला सोड—
पोरगी रडतेय. आई, तू माझं नाव—