चौघांची राज्यघटना

३ फेब्रुवारी
आई म्हणते, ती मैत्रिणीकडे राहायला जाणार. कायमची. मैत्रीण एकटीच असते. कारण काय, तर आईला खिडकी उघडी ठेवून झोपायचंय. मी ती रोज तिच्या प्रकृतीसाठी बंद करतो, हे कोणी लक्षात घेत नाही. डोकं भणभणलं. पण ओरडलो नाही. वडील ओरडायचे; घरात त्यांचा शब्द म्हणजे कायदा. मी तसा नाही. (आहे का? प्रामाणिकपणे विचार केला. नाही.)

४ फेब्रुवारी
तोडगा सापडला. घराला राज्यघटना हवी. कोणा एकाची मनमानी नको, कायद्याचं राज्य हवं. सत्तेची विभागणी अशी: कायदे तिघांनी करायचे, मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. अंमलबजावणी माझी. सभापतीही तूर्त मीच, दुसरं कोणी तयार नाही. आई न्यायाधीश. स्वतंत्र, तहहयात, कोणालाही काढता न येणारी. न्यायाधीशाला अर्थातच मत नसतं. हे केवळ तिचा मान राखण्यासाठी.

६ फेब्रुवारी
पहिलं विधेयक: सभागृहाच्या संमतीशिवाय कोणीही घर सोडून राहायला जाणार नाही. मी बाजूने, मुलगी विरोधात. बायको भाजी निवडत होती, ती तटस्थ. समसमान, म्हणून सभापतींचं निर्णायक मत. मंजूर. लोकशाही इतकी सोपी असते, लोक उगाच बाऊ करतात.

७ फेब्रुवारी
आईने कायदा रद्द केला. चहा पिता पिता. म्हणाली, हवं तिथे राहणं हा मूलभूत हक्क, तूच कलम दोनमध्ये लिहिलायस. लिहिला होता खरा. शोभेसाठी. मी ठणकावून सांगितलं, स्वतःच्याच खटल्यात कोणाला न्यायाधीश होता येत नाही. त्यावर म्हणाली, "सरकार तूच, सभापती तूच, दोनदा मत देणारा तूच. मग मी एकटीनेच कशाला लाजू, बाळा?" बायको फिस्सकन हसली. सभागृहाचा अवमान. नोंद केली आहे.

८ फेब्रुवारी
आणीबाणी जाहीर. आईची भरलेली बॅग माझ्या कपाटात, कुलपात. तात्पुरती. मुलीने लगेच बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला: कोंडलेल्याला कोर्टासमोर हजर करा. मी म्हटलं, तो माणसांसाठी असतो. ती म्हणाली, "बाबा, बॅगेत आजीच्या गोळ्या आहेत."
बॅग हजर केली. अंगाचा तिळपापड झाला. शिवाय आणीबाणीला सभागृहाची मान्यता लागते, हेही मीच लिहून ठेवलंय. कोणत्या अवदसेने सुचवलं कोण जाणे.

९ फेब्रुवारी, सकाळ
निकाल: बॅग टॅक्सीपर्यंत पोचवावी. निकालाची अंमलबजावणी हे सरकारचं काम. म्हणजे माझं. जिन्यावरून मीच उतरवली. बायकोने हातही लावला नाही. तिने म्हणे सत्तेची विभागणी पाळली. टॅक्सीत बसताना आई म्हणाली, "येत जा रे." मी तीव्र निषेध नोंदवला.

१२ फेब्रुवारी
संध्याकाळी तातडीची सभा. विषय: घटनादुरुस्ती. खिडकी उघडी ठेवण्यास सरकारची सशर्त मान्यता. नंतर 'सशर्त' खोडलं.
गणपूर्ती झाली नाही. दोघी आईकडे जेवायला गेल्यात, मला नुसती चिठ्ठी. टेबलापाशी एकटाच वाट बघत बसलो. मग सभा तहकूब केली, तीही मोठ्याने.
न्यायाधीश मात्र अजून पदावर आहेत, तहहयात. म्हणजे दाद मागायला मलाच तिकडे जायला हवं. जाईन. आत्ताच. शर्ट बदलला, चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं.
पुन्हा उघडून आत आलो. पत्ता माहीत नाही. मी कधी विचारलाच नव्हता.