मधलं कपाट

प्रिय अंबू,

फोन असताना हिला पत्र कशाला सुचलं, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनवर आपण दोघी काय बोलतो ते मला पाठ झालंय. सोयाबीन, गुडघे, सुनांचे स्वभाव आणि मग ‘ठेवते वं’. आज जे सांगायचं आहे ते त्या बोलण्यात कुठेच बसत नाही. म्हणून सुट्टीचं वाचनालय उघडून, पंख्याखाली बसून लिहितेय. मुलगा वाचून दाखवतो म्हणाला तर देऊ नकोस. तू स्वतः वाच.

मागे भाचीच्या लग्नात तू विचारलं होतंस, “दिवसभर तिथं करतं काय वं तू?” तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा एका बाजूला लहान मुलांचं बुटकं कपाट होतं, राजे-राक्षस-सशांचं, आणि दुसऱ्या बाजूला मोठ्यांच्या जाड कादंबऱ्या. सहावीपर्यंतची पोरं पुस्तकांची पानं खिळखिळी होईस्तोवर वाचायची. सातवी-आठवीत आली की बुटक्या कपाटापुढे उकिडवी बसायची, सगळं वाचून झालेलं असायचं. मग मोठ्यांच्या कपाटातलं एखादं काढून चाळायची, परत ठेवायची, आणि पुढच्या महिन्यापासून यायचीच बंद व्हायची. कित्येक वर्षं मी समजत होते, यांची वाचनाची गोडीच गेली. जहांगीर टेलरची मलिहा एकदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “मॅडम, लहान्याईचे वाचून झाले, मोठ्याईचे समजत नाहीत. आमचे कुठी हायेत?”

त्या ‘आमचे’नं मला झोपू दिलं नाही. मग मी दोन्हींच्या मधोमध, दारातून आत आलं की समोर दिसेल असं तिसरं कपाट ठेवलं. पोरं त्याला मधलं कपाट म्हणतात. त्यातलं एकेक पुस्तक मी आधी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. चिखलीला प्रदर्शन लागलं की तिथल्या सतरंजीवर बसून वाचते, विक्रेता कंटाळतो. दारू पिणाऱ्या बापाचा मुलगा, वर्गात पहिल्यांदा पाळी आलेली मुलगी, नापास झालेला हुशार पोरगा, जिवलग मैत्रिणीशी अबोला धरलेली कुणी, अशांच्या त्या गोष्टी. लेखक पोरांना उपदेश करायला लागला की मी ते पुस्तक मिटते. उपदेशाचा वास त्यांना मुखपृष्ठावरूनच येतो. अशी त्रेचाळीस पुस्तकं जमली, आणि कपाटातली निम्मी जागा कायम रिकामी, कारण पुस्तकं घरोघरी.

त्या कपाटाची सगळ्यात पक्की वाचक काजल. नववीतली, बारीक, बोलताना दाराकडे बघणारी. एका पुस्तकात आठवीतल्या मुलीचं लग्न ठरतं आणि ती ते थांबवते. शेवटच्या पानावर मुलांच्या मदतीचा नंबर छापलाय, एक-शून्य-नऊ-आठ. ते पुस्तक तिनं लागोपाठ तीनदा नेलं. मला वाटलं, आवडलं असेल. नववीची परीक्षा संपली त्या आठवड्यात दुपारची आली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि जाईना. म्हणाली, “मॅडम, ह्यातला नंबर खरा राह्यते का?” मी म्हटलं, खरा आहे. “लावला त कोणी उचलते?” मी विचारलं, काऊन वं? तर तिनं नखानं टेबलाची कड खरवडत सांगितलं की अक्षय्य तृतीयेला तिचं लग्न आहे, मुलगा जालन्याकडचा, आणि दहावीची पुस्तकं तिच्या बापानं चुलतभावाला देऊन टाकलीत.

अंबू, मी काय काय सांगू शकले असते! घरच्यांशी बोल, मी बघते, उद्या ये. पण मी दार ओढून घेतलं, माझा फोन तिच्या हातात दिला आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. बोलली तीच. स्वतःचं नाव, वय, शाळा, गाव, एक अक्षर न चुकता, फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं. फोन ठेवल्यावर आधी दार उघडून बाहेर कोणी आहे का ते पाहिलं, आणि ते पुस्तक पुन्हा घरी नेलं.

चौथ्या दिवशी तालुक्याहून माणसं आली, ग्रामसेवक आले, बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं आणि लग्न थांबलं. तिचा बाप दुसऱ्या सकाळी वाचनालयात आला. घरात सापडलेलं ते पुस्तक टेबलावर आपटून म्हणाला, “पोरगी माही, घर माहं, आन् फोन तुमच्या इथून? ह्या कागदानं माही इज्जत घालवली.” मी म्हटलं, “फोन माझा होता, भाऊ. पुस्तकाला कशाला आपटता?” तो पुस्तक तिथंच टाकून निघून गेला.

आठवड्यात कार्यकारिणीची सभा लागली. अध्यक्ष भगवंतराव वाईट माणूस नाहीत, ही खोली त्यांच्याच वडिलांनी दिलेली. पण ते ठराव लिहूनच आले होते, मधल्या कपाटातली त्रेचाळीसही पुस्तकं बाद करून रद्दीत काढायचा. “बाई, तुमचं काम पुस्तकं देणं. पोरींच्या डोक्यात काय भरायचं ते त्याईच्या घरचे पाहून घेतीन.” मी सांगितलं, फाटलेली, वाळवी लागलेली पुस्तकं बाद होतात, तसं मला सहीनिशी लिहून द्यावं लागतं, आणि ह्यांतलं एकही फाटलेलं नाही. मी सही करणार नाही. हवं तर आधी मला काढा. मग मीच त्यांच्यापुढे सात पुस्तकं ठेवली, प्रत्येकाला एक. घरी न्या, वाचा, आणि आक्षेपाचं पान दुमडून पुढच्या सभेत मोठ्यानं वाचून दाखवा. बडबडत का होईना, नेली सगळ्यांनी.

पुढच्या सभेत पाच जणांनी पुस्तक उघडलंही नव्हतं. एकानं चाळलं होतं. शाकिर सर, आपल्याकडच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, ते तेवढे उठले. म्हणाले, “दोनदा पढलो. दुमडायले पान भेटलं नाही. मी पोट्ट्याईले शिकवत होतो तवा हे किताब माह्या हातात पाह्यजे होतं.” मतं झाली. तीन ठरावाच्या बाजूनं, तीन विरुद्ध, आणि भगवंतरावांनी स्वतःचं मत न देता ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. कपाट निदान मागच्या भिंतीला न्या म्हणाले. मी नाही म्हटलं. ते दारासमोरच आहे.

काजलचं येणं मात्र घरच्यांनी बंद केलं. मला वाटलं, जिंकून हरले. पण मागच्या मंगळवारी तिची आई आली, वावरातून परस्पर, विळा हातातच. पदरातून काजलचं कार्ड काढून म्हणाली, “पोरीले पाह्यजेन ते द्या मॅडम. मले नाव वाचता नाही येत. दहावीत बसवलं तिले, तिच्या बापासंग भांडून.” मी दोन पुस्तकं दिली. तिनं ती गवताच्या भाऱ्यात खोचली आणि भारा डोक्यावर घेऊन गेली.

आता जे राहिलं ते. सभेत भगवंतरावांनी मला विचारलं होतं, “तुमाले एवढं काऊन लागून राह्यलं, बाई?” आणि मी त्या सात पुरुषांसमोर, तुझं नाव न घेता, सांगून बसले. आपण नववीत होतो. तुझ्या हळदीच्या आदल्या दिवशी तू मला आपल्या शाळेतल्या सोनुने बाईंना द्यायला चिठ्ठी दिली होतीस. ती मी वाचली. ‘बाई, आमच्या घरी या, मले शिकायचं हाय,’ एवढंच होतं. अंबू, मी ती दिली नाही. घाबरले होते, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे, की तुझ्या लग्नासाठी मला नवा परकर शिवला होता आणि मला तो घालायचा होता. बाई वारल्या तेव्हाही तू म्हणालीस, “त्याईनं माही चिठ्ठी वाचूनबी पाय नाही उचलला.” मी तिथंच होते, आणि गप्प राहिले. बाईंपर्यंत काही पोचलंच नव्हतं गं. त्या आल्या असत्या. जे सात परक्यांना कळलं ते तुलाच माहीत नसावं, हे मला आता सोसवत नाही. माफी मागायला मी पत्र लिहीत नाही, ती समोर येऊन मागायची असते. रविवारी सकाळच्या एसटीनं देऊळगाव राजाला येतेय. तू दार लावून घेतलंस तर ओट्यावर बसेन, संध्याकाळच्या गाडीनं परत येईन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तुझीच, तू अजून म्हणू देशील तर,
कोकिळा