पैसे येत होते, फोन येत नव्हता

मालवण

प्रिय दिव्या,

काल संध्याकाळी ओंकारचा फोन आला. गाठ साधी निघाली म्हणाला. फोन ठेवून मी तशीच पायरीवर बसले, थोडं रडून घेतलं आणि मग उठून सगळ्यांना कळवलं. कोणाला सांगू नकोस असं तू त्याला बजावलं होतंस म्हणे. भावावर रागावू नकोस. आम्ही त्याच्या मागेच लागलो होतो.

वडिलांच्या नावाने तू आमच्या संस्थेला डायलिसिसच्या पेशंटसाठी गाडी दिलीस, तेव्हा दाजींनी हारतुऱ्यांचा कार्यक्रम ठरवला होता. आमचे अध्यक्षच ते, त्यांना तो लागतोच. तू मात्र कार्यक्रम टाळून सरळ गाडीत जाऊन बसलीस. वाटेत सगळ्यांसाठी शहाळी घेतलीस आणि फेलिसिदाद मावशी म्हणाल्या, "माका मारूक इलंस काय गो?" किडनीच्या पेशंटला शहाळं चालत नाही हे कळल्यावर तुझा चेहरा एवढासा झाला. मावशी मात्र हसत सुटल्या. परतीच्या वाटेवर त्यांना उलट्या झाल्या, तेव्हा त्यांचं डोकं तू मांडीवर घेतलंस. तेव्हापासून त्यांना तुझे फोन यायला लागले. मशीनला लावलेला हात स्थिर ठेवून, दुसऱ्या हाताने फोन कानाला धरून त्या तासन्‌तास बोलायच्या. तुझी आई गेली तेव्हा त्या तुला काय म्हणाल्या ते मी कधी विचारलं नाही. पण त्यानंतर तुझा आवाज बदलला, हे मला जाणवलं होतं.

आणि पावसाळा संपला तसे तुझे फोन बंद झाले. तू देतेस ते गाडीच्या डिझेलचे पैसे दर महिन्याला बँकेत आपोआप येत होते, त्यामुळे संस्थेत कोणाला काही वाटलं नाही. मी मेसेज केला, तर 'सध्या कामात आहे' एवढंच उत्तर. दाजींचं म्हणणं, वार्षिक अहवालात तुझ्या वडिलांचं नाव चुकीचं छापलं गेलं, म्हणून तू दुखावलीस. त्यांनी शुद्धिपत्रकसुद्धा छापून आणलं. मला वाटायचं, माझंच काहीतरी बोलणं तुला लागलं असेल. आपलं शेवटचं बोलणं मी मनात कितीदा उगाळलं असेन.

फेलिसिदाद मावशींना यातलं काहीच पटेना. एका सकाळी गाडीत बसता बसता त्या मला म्हणाल्या, "पैसो बँकेतसून येता, पण माणूस खंय आसा? तू तिच्या भावाक फोन कर." मी म्हटलं, देणगीदाराच्या घरात असं डोकावणं बरं दिसत नाही. त्यावर त्या चिडल्या. "देणगीदार तुमका. माका ती दिव्या."

म्हणून मी ओंकारला फोन केला. पोटातली गाठ, ऑपरेशन, तपासणीला पाठवलेला तुकडा, आणि तू एकटी पुण्याच्या फ्लॅटवर, हे सगळं तेव्हा कळलं. 'त्यांची दुखणी केवढी मोठी, त्यात माझं कुठे सांगत बसू' असं तू म्हणालीस, तेही त्याने सांगितलं. मी ते मावशींना तसंच्या तसं ऐकवलं. त्या म्हणाल्या, "आमका सांगूक तिका लाज कसली? आमी सगळी दुखण्याचीच माणसां."

रिपोर्ट येईपर्यंत गाडीत चढणारा प्रत्येकजण 'काही कळलं?' एवढंच विचारायचा. आज मात्र नुसता कलकलाट होता. दाजी पेढे घेऊन आले. ते कोणाला चालतात आणि कोणाला नाही यावरून भांडण झालं, आणि मला ते भांडणसुद्धा गोड वाटलं. तू आमच्यावर रागावली नव्हतीस, एवढं कळल्यानेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला होता. उरलेला काल पडला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मावशींना एक दिवसाआड मशीनवर जावं लागतं, त्यामुळे त्यांना पुण्याला येता येत नाही. म्हणून अंगात ताकद येईपर्यंत तू त्यांच्याकडे राहायचं, असं त्यांनी ठरवलंय. त्यांच्या कॉस्मेकाकांनी समुद्राकडच्या खोलीत मच्छरदाणीही बांधली. तुला संकोच वाटेल, असं मी सुचवून पाहिलं. तर म्हणाल्या, "इतकी वर्सां ती दिता आणि आमी घेतंव. आता तिका घेवक शिकांदे." डॉक्टरांची प्रवासाला हरकत नाही. ओंकार शनिवारी तुला फोंडाघाटमार्गे इथे आणून सोडणार आहे. तरीही नाहीच म्हणायचं असेल, तर फेलिसिदाद मावशींना फोन करून तूच सांग. मला ते जमायचं नाही.

तुझीच,
सुभद्रा