रिकाम्या जागा

११ मे ८६, रवि.
पहाटे जाग आली ती टक् टक् ऐकून. उठून पाहिलं, कुठे काही नाही, स्वप्नातलंच असणार. वसू लहान असताना परसातल्या फणसांवर बोटाची पेरं वाजवत हिंडायची, पिकलाय का ते कान लावून ऐकत. 'बाबा, हा अजून मुका आहे.' ती वसू शेजारच्या खोलीत झोपलेली. मद्रासहून रजेवर आलीय.

दुपारी तिचं काम समजावून घेतलं. अणुभट्टीतल्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या. न्यूट्रॉनचा मारा बसतो, अणू जागेवरून उडतात. म्हटलं, म्हणजे वर्गात चेंडू आला नि पोरं बाकांवरून उठली! 'हो. बहुतेक परत येऊन बसतात. काही बाकं रिकामीच राहतात. मग त्या रिकाम्या जागा एकमेकींना शोधत जातात, बाबा. जमून पोकळी होते. पोलाद फुगतं, वजन तेवढंच.'
रिकाम्या जागा एकमेकींना शोधत जातात... जन्मभर कविता शिकवल्या, आणि ही ओळ घरातच.

१३, मंगळ.
गुहागरची मंडळी वसूला बघून गेली. मुलगा लोट्याला केमिकल कारखान्यात, पाळीचं काम. बोलला थोडं, तिचं ऐकलं फार. एरवी प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी वसू चक्क हसत होती. सौ.नं मला डोळ्यांनी खूण केली.
मग मीही रंगात. पोलादाची गोष्ट सांगितली. बाहेरून लखलखीत, आत पोकळ्या. मुलाच्या आईचा चमचा थांबला. 'पेपरात ते रशियातल्या अणुभट्टीच्या स्फोटाचं येतंय ना... माणसाचं काय होतं हो?' मी म्हणालो, 'माणूस काय नि पोलाद काय, मारा बसला की पोकळी आलीच!'
मला आपलं आयुष्याविषयी म्हणायचं होतं.

१५, गुरु.
मध्यस्थ बापू आले. 'घाई नको म्हणतायत.' म्हणजे नकोच.
सौ.: 'कविता सुचायची ती तेव्हाच सुचायची होती? आणि त्यांचा लेक दिवसभर अ‍ॅसिडाच्या वाफेत, ते कोणी विचारलं?'
वसू रागावली नाही. तेच लागलं. 'नमुने शिशाच्या भिंतीआडून हाताळतो, बाबा. अंगावर बिल्ला असतो, किरण किती लागले ते त्यात मोजलं जातं. एवढं तरी सांगायचंत.' मग भांडी आवरता आवरता, 'बरा वाटला होता मला.'

१६, शुक्र.
गुहागरला खुलासा लिहायला बसलो. तीनदा फाडला. दरवेळी उपमा येतेच.
संध्याकाळी वसू आपणहून पडवीत येऊन बसली. पोलादात थोडं टायटॅनियम घातलं की पोकळ्या उशिरा धरतात म्हणे. तेच शोधतेय ती.
'थांबत नाहीत?'
'नाही. पण उशीर मिळतो. तोही पुष्कळ असतो, बाबा.'
डोक्यावर हात ठेवला तिच्या. केसांत एक पांढरा. कधी आला?

१८, रवि.
उद्या निघणार. सौ. डबे भरतेय, वसू 'इतकं नको गं' करतेय. मी पंचा गुंडाळून पडवीत. फाटकातून कोण येतंय म्हणून चष्मा लावला, तर मुलाची आई. एकटी. एस.टी.तून, घामाघूम. लगबगीनं खुर्ची दिली, बसल्या नाहीत. दारातच उभ्या.
'घरी कोणाला सांगून आले नाही, मास्तर. तुमच्याकडून ऐकलं ते पुष्कळ झालं. पोरीला बोलवा. तिला विचारते.'