हे बाबांसारखेच आहेत का?

आई, तू गेलीस ती माझ्याविषयीची एक समजूत मनात घेऊन गेलीस. तुझ्या नशिबात आलं तेच माझ्याही नशिबात आलं, अशी तुझी खात्री झाली होती. ती खात्री माझ्यातही फार वर्षं मुरून होती. आज हे तुला लिहायला बसले आहे. एखाद्या दुपारी अजून वाटतं, तुझंच खरं असेल तर?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही नवीन पनवेलला भाड्याच्या जागेत राहत होतो, मुलगी नुकती चालायला लागली होती आणि बाबा गेल्यावर तू पुण्याहून पहिल्यांदाच राहायला आली होतीस. तू कधी बोटीत बसली नाहीस हे कळल्यावर तुझ्या जावयांना कोण उत्साह! "आईंना उरणच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईला नेऊ," म्हणाले. वेळ विचारून ठेवतो म्हणाले. तू पहाटे उठून दशम्या केल्यास, मुलीच्या दुधाचा थर्मास भरलास, ठेवणीतली साडी नेसलीस. उरणच्या एसटीत हे सारखे मागे वळून तुला खाडी दाखवत होते, मिठागरं दाखवत होते. मला वाटलं, चला, आईला जावई आवडले.

मोऱ्याला पोचतो तर ओहोटी. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना नुसता चिखल, होड्या कलंडलेल्या, तिकिटाची खिडकी बंद. टोपलीत मासळी लावत बसलेली एक कोळीण म्हणाली, "आता नाय सुटत लाँच. पानी भरल्यावर या." आणि तू हसून, अगदी सहज म्हणालीस, "आधी विचारून घ्यायला हवं होतं हो."

एवढंच. आई, त्यात टोमणा नव्हता. पण मी ह्यांच्याकडे बघते तर चेहरा उतरलाय, कान लाल झालेत. हातातली पिशवी ते खाली आपटतात. थर्मासची काच फुटल्याचा आवाज येतो. "म्हणजे मी कशाच्याच लायकीचा नाही! म्हणा ना सरळ!" असं सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा ओरडतात आणि तरातरा निघून जातात. मुलगी किंचाळून रडते. तू तिला उचलून पदराखाली घेतेस आणि तुझे ओठ पांढरे पडलेले मला दिसतात. बाबांच्या समोर पडायचे, तसेच. "चल," तू म्हणतेस. "आत्ताच्या आत्ता पुण्याला चल. हा माणूस तुझ्या बाबांसारखाच आहे."

मी हलू शकले नाही. मला त्यांची भीती वाटत होती, आणि त्याच वेळी ते धक्क्याच्या टोकाकडे गेले की काय, काही करून बसतील की काय, अशीही भीती वाटत होती. दोन्ही भीती एकदम आल्यावर माणसाला पाय उचलता येत नाहीत. शेवटी ती कोळीणच म्हणाली, "बाय, तुमचा मानूस देवलामागं बसलाय. रडतो हाय."

थोड्या वेळाने ते आपणहून आले. डोळे सुजलेले. तुझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "आई, माझं चुकलं. मी विचारलंच नव्हतं. विसरलो." मग मुलीकडे हात पुढे केला आणि मागे घेतला. "घाबरली का ती?" तू तिला पदराखाली आणखी ओढून घेतलंस. परतीच्या एसटीत मुलीला मांडीवर घेऊन ते बगळे दाखवत होते, जणू काही झालंच नव्हतं. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "बघ. माफी मागायला बाबाही पटाईत होते."

ते खरं होतं, म्हणून तर मी हादरले. बाबांनी आणलेल्या साड्या मला आठवत होत्या. दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी तू कणीक मळत असताना मी तुला विचारलं, "बाबा माफी मागायचे त्यानंतर काय व्हायचं गं?" तू कणकेला पाण्याचा हात लावलास. म्हणालीस, "साडी नेसून पाहुण्यांसमोर मिरवावी लागायची. मग महिनाभराने, माझ्यामुळे त्यांना कसा कमीपणा घ्यावा लागला, ते ऐकावं लागायचं." आणि जाताना पनवेलच्या स्टँडवर माझा हात घट्ट धरून म्हणालीस, "दार उघडं आहे."

तू पुण्याला परतल्यावर मी घरात पाहुण्यासारखी वावरू लागले. चूक सांगायची नाही, मीठ कमी पडलं तरी बोलायचं नाही. असं वागणं मी तुझ्याकडे बघूनच शिकले होते. एकदा तू काकूंसमोर म्हणाली होतीस, "मला ह्यांची भीती वाटते." बाबा तेव्हा गोड हसले होते. मग अख्खी दिवाळी ते तुझ्याशी बोलले नाहीत. तू पाया पडलीस तेव्हा कुठे फराळाला हात लावला. ते आठवत असूनही एका रविवारी, हे खुशीत मटार सोलत असताना, मी तेच वाक्य बोलले. मुलीला मुद्दाम शेजारी ठेवून आले होते. दाराची कडी काढून ठेवली होती.

"मला तुमची भीती वाटते."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "माझी?" म्हणाले. चेहरा तोच, मोऱ्याचा. मी दाराकडे सरकले. ते त्यांनी पाहिलं. आणि खालीच, फरशीवर बसून राहिले. मग म्हणाले, "कोणी चूक काढली ना, की अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं होतं. नंतर मलाच कळत नाही मी काय बोललो. पण तू घाबरायचीस हे मला दिसलं नाही गं." माझ्या त्या बोलण्याची किंमत ते कधी वसूल करतील म्हणून मी दिवाळीपर्यंत वाट पाहिली. त्यांनी केली नाही.

लगेच सगळं सुधारलं असं मात्र समजू नकोस. साहेब काही बोलले म्हणून त्यांनी नोकरी सोडली, पुन्हा एकदा सोडली. बाबांचा राग घराबाहेर कधी दिसला नाही. ह्यांचा राग ह्यांनाच जास्त महाग पडायचा. राग चढला की "मी जिन्यात जाऊन येतो" असं सांगून बाहेर पडायचं आम्ही ठरवलं होतं. कधी जमायचं, कधी सांगायचंच विसरायचे. एकदा मी मुलीला घेऊन तुझ्याकडे यायला निघालेही होते. तेवढ्यात तूच गेल्याची तार आली.

गेल्या वर्षी नातवाच्या शाळेने त्याला तपासून घ्यायला सांगितलं. डॉक्टरीणबाई त्याच्याविषयी जे जे विचारत होत्या, त्यावर माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. मग तिने तिच्या बाबांनाही तिथे नेलं. एडीएचडी म्हणतात त्याला. विसरणं, धांदल, आणि साध्या बोलण्यानेही आत भाजून निघणं. हल्ली मोबाइलवर कोणत्याही रागीट नवऱ्याला नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःपलीकडे कुणाला न पाहणारा, म्हणतात. तो शब्द मी बाबांना लावून पाहिला तेव्हा घाबरले, कारण तो बसला. ह्यांना लावून पाहिला, तेव्हा फरशीवर बसलेला माणूस आडवा आला.

दवाखान्याच्या जिन्यात ह्यांनी मला विचारलं, "म्हणजे मी वाईट नव्हतो?"

आई, मी एक पायरी उतरून त्यांच्यासमोर आले. मग म्हटलं, "वाईट नव्हतात. पण मी घाबरत होते, तेही खरं होतं."  ते म्हणाले, "हो. होतं," आणि कठडा धरून हळूहळू उतरू लागले.

तुला हे सांगायचं होतं. आत्ता बाहेरून ह्यांची हाक आली, "काय लिहितेयस एवढं?" मी म्हटलं, "काही नाही, लाइटबिल शोधतेय," आणि कागदावर हात ठेवला. एवढं सगळं कळूनही, हे त्यांना वाचून दाखवायची मला भीती वाटते.