भरवशाचा मेदियानो

५ सप्टेंबर २००६, मंगळवार

चौदा महिने इथे एक अक्षर लिहिलं नाही. माफी मागायची तर कुणाची – कागदाची? मागते. कारण देता येत नाही. आजारपण नव्हतं, घाई नव्हती. लिहिण्यासारखं काही घडत नाही असं वाटत राहिलं, एवढंच.

आज ऑफिसात नवी केस आली. टिपणीस सर इमिग्रेशनचे वकील; त्यांच्याकडे मला या नोव्हेंबरात सात वर्षं होतील. डेव्हन रस्त्यावर ऑफिस, साड्यांच्या दुकानाच्या वरचा मजला. आमच्याकडे येतात ते पुणे, नागपूर, हैदराबाद, कराचीचे. इटालियन पहिलाच. मिहीरने आणला. मिहीरचा व्हिसा आम्हीच केला होता. तो राहतो तिथल्या मुलांच्या सॉकर क्लबचा आता सेक्रेटरी आहे, आणि हा त्यांचा कोच. लोरिस त्रेवेझान, वय चौतीस. अकरा वर्षं इटलीत खालच्या लीगमध्ये खेळला. मिडफिल्डर. दीड वर्षाच्या ट्रेनी व्हिसावर आलाय, तो ३१ जानेवारीला संपतो. क्लबला तो हवा आहे, त्यालाही राहायचंय.

सर म्हणाले, ‘‘एकच रस्ता. असाधारण गुणवत्ता असलेल्या खेळाडूचा व्हिसा.’’

लोरिस हसला. ‘‘मी चौथ्या डिव्हिजनला खेळायचो, सर.’’

‘‘ते इथे कुणाला कळतंय? जुलैत वर्ल्ड कप कोणी जिंकला? इटलीने. फाइल आत्ताच टाकू या.’’

८ सप्टेंबर, शुक्रवार

त्याने कात्रणांचा खोका आणून दिला. आईने जपलेली कात्रणं, मागे पेन्सिलने तारखा.

तक्ता केला. अकरा सीझन, सात क्लब, पाच गोल. त्याच्या मते सामने २४३. माझ्या मोजणीत २४१. फोन करून विचारलं. म्हणाला, त्या वर्षी एक क्लब बुडाला, त्याच्याविरुद्धचे दोन सामने रद्द धरले. ‘‘मी खेळलो, पण ते झाले नाहीत.’’

सरांना विचारलं, काय लिहू? ‘‘दोनशे चाळीसहून अधिक.’’ हे खोटं नाही. तरी दिवसभर खटकलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

क्लबच्या पत्राचा मसुदा लिहिला. सर लाल पेन घेऊन बसले. ‘चांगला’चं ‘उत्कृष्ट’ झालं, ‘परिचित’चं ‘नामवंत’.

मी म्हटलं, सर, नामवंत कुठे?

‘‘त्याच्या गावात आहे ना? उत्तराबाई, आपण खोटं लिहीत नाही. बसलेलं खरं असतं, त्याला उभं करतो.’’

त्यांचं इंग्रजी सुंदर आहे, हे मान्य करायला हवं. अडुसष्ट साली या देशात आलेत.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

‘‘गोल माझं काम नव्हतं,’’ लोरिस म्हणाला. मी पाचही गोलांच्या तारखा विचारत होते. त्यातला एक खरं तर दुसऱ्याला दिलेला पास होता, वाऱ्याने आत गेला. तो काढायचा का, असं त्यालाच विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

परत गेलास तर काय करशील? चुलतभावाचं फरशांचं गोदाम आहे, तिथे. ‘‘वाईट नाही, सिन्योरा. पण तिथे मला सॉकरसाठी कोणी फोन करत नाही.’’

मिहीर म्हणतो, ‘‘या माणसाने आमच्या पोरांना पास द्यायला शिकवलं, यार. आधी सगळी आपापल्या बापासाठी गोल मारत होती.’’

२१ सप्टेंबर, गुरुवार

कात्रणांची भाषांतरं झाली. आधी कॉम्प्युटरला घालते, मग वाक्यं नीट करते. चौथ्या कात्रणात एक शब्द कॉम्प्युटरने तसाच सोडला – मेदियानो. छोट्या पॉकेट डिक्शनरीत ‘मधला, सरासरी’. वाक्य असं झालं : या भागात याच्याइतका भरवशाचा ॲव्हरेज खेळाडू दुसरा नाही.

वार्ताहर प्रामाणिक दिसतो.

सर म्हणाले, ‘‘हे पान काढा.’’ मी म्हटलं, नाही. भाषांतराच्या दाखल्यावर ‘पूर्ण आणि अचूक’ असं लिहिलेलं असतं. लेखाचं एक पान काढलं तर पूर्ण कसं?

‘‘ॲव्हरेज म्हणतोय तो त्याला!’’

म्हणू दे. आहे ते आहे.

पान राहिलं. घरी येताना बसमध्ये बरं वाटत होतं – खूप बरं. इतकं बरं वाटण्याचाच संशय घ्यायला हवा का, हे नंतर बघू.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

फाइल गेली. दाखल्यावर माझी सही. ‘दोन्ही भाषा मला उत्तम अवगत आहेत’ हे छापील वाक्य. सर म्हणाले, ‘‘तुम्ही इटालियनचा क्लास केला होता ना?’’ म्हटलं, केला होता, लायब्ररीत, बारा शनिवार. ‘‘मग झालं.’’

कॉफी मागता येते, शंभरपर्यंत मोजता येतं. सही केली. हात थांबला नाही, तोंडातून नकार निघाला नाही. लिहून ठेवते.

३० ऑक्टोबर, सोमवार

इमिग्रेशनकडून जास्त पुरावा मागणारी नोटीस आली. बारा आठवड्यांची मुदत. चार मुद्दे, त्यातले तीन नेहमीचे. चौथा : ‘सादर केलेल्या पुराव्यातच खेळाडूचं वर्णन ॲव्हरेज असं आहे. मग गुणवत्ता असाधारण कशी, हे दाखवावं.’

सरांनी नोटीस माझ्या टेबलावर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

३१ ऑक्टोबर

लोरिसला कळवलं. म्हणाला, ‘‘कोण म्हणालं मला ॲव्हरेज?’’ तुझ्या गावचा पेपर, मी म्हटलं. मग, ‘‘असेल.’’

११ नोव्हेंबर, शनिवार

मिहीर घ्यायला आला. पालकांची पत्रं गोळा करायला त्यांच्या मैदानावर गेले. कडक थंडी, वारा. मुलं धावताहेत, आयाबाप गाडीत हीटर लावून बसलेत. लोरिसने सरावाची वही दिली, पुरावा म्हणून जोडायला. दोन सीझनचे सराव, पेन्सिलने काढलेली मैदानं, अकरा-अकरा वर्तुळं. प्रत्येक वर्तुळाशेजारी मुलाचं नाव आणि जागा.

बचावाच्या पुढे, अगदी मधोमध, एक वर्तुळ. शेजारी – रुचा, मेदियानो.

मिहीरला विचारलं, ही कोण? ‘‘माझी मुलगी ना. त्या जागेसाठी भांडते रोज. कोच म्हणतो, तिथे सगळ्यात शहाणं मूल लागतं.’’

लोरिस सरावाचे शंकू उचलत होता. त्याच्याकडे वही घेऊन गेले. त्या वर्तुळावर बोट ठेवून विचारलं, हे काय?

‘‘तो मी,’’ तो म्हणाला.

मेदियानो म्हणजे ॲव्हरेज नाही. ती जागा आहे. ते काम आहे. ‘या भागात याच्याइतका भरवशाचा मेदियानो दुसरा नाही’ – अकरा वर्षांत त्याच्याबद्दल छापून आलेलं सगळ्यात चांगलं वाक्य ते, आणि मी त्याचं हे केलं.

त्याला तिथे सांगितलं नाही. मिहीरच्या गाडीत हातमोजे न काढता बसले.

१२ नोव्हेंबर, रविवार

लायब्ररीत मोठी डिक्शनरी पाहिली. दुसऱ्याच क्रमांकाचा अर्थ : फुटबॉलमध्ये, बचावापुढे खेळणारा. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

नागपूरला ज्युनियर कॉलेजात नऊ वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलं. मीन आणि मीडियन यांत घोटाळा करणाऱ्या मुलांचे मार्क कापायचे.

प्रल्हादला सांगितलं. तो भांडी पुसत होता. म्हणाला, ‘‘शब्द चुकला, होतं.’’ मी म्हटलं, शब्द चुकला हे खरं नाही. मला येत नाही आणि येतं म्हणून सही केली, हे खरं. ‘‘मग तसं सांग.’’ नवऱ्यांना सगळं सोपं वाटतं. पण बरोबर होतं.

१३ नोव्हेंबर, सोमवार

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘‘युनिव्हर्सिटीतल्या कुणाकडून तरी नवं भाषांतर करून घेऊ. सुधारित म्हणून जोडू. विषय संपला.’’

मी म्हटलं, सर, त्यांनी बोट ठेवलेला शब्दच नेमका बदलला, तर ते काय समजतील? जुना का चुकला हे लिहायला हवं. कुणी चुकवला तेही. मी शपथेवर निवेदन देते – मला इटालियन येत नव्हतं.

‘‘तुमची सही आणखी किती फायलींवर आहे, माहीत आहे?’’

मराठी-हिंदीच्या आहेत. त्या येतात मला.

‘‘ते तुम्हाला माहीत. त्यांना काय दिसेल?’’ मग खिडकीकडे बघत, ‘‘पान काढा म्हटलं तर नाही काढलंत. आता हे. तुमचा हा प्रामाणिकपणा नेहमी दुसऱ्याच्या फाइलीवर का असतो हो?’’

याचं उत्तर अजून शोधतेय.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

निवेदन लिहिलं. एक पान. कोपऱ्यावरच्या बँकेत जाऊन नोटरी करून आणलं. सरांच्या टेबलावर ठेवलं. वाचलं नाही त्यांनी. ‘‘ठेवा तिथे.’’

मग लोरिसला फोन केला, सगळं सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. म्हणाला, ‘‘म्हणजे त्या पेपराने तसं लिहिलं नव्हतं?’’ नाही, मी म्हटलं. ‘‘दोन आठवडे मला वाटत होतं, लिहिलं असेल.’’

हे ऐकायला रागापेक्षा जड गेलं.

२० नोव्हेंबर, सोमवार

मेदियानो म्हणजे काय हे अधिकाऱ्याला समजेल असं लिहायचं होतं. सरांनी लोरिसला बोलावलं. त्याने सरांच्याच टेबलावर मांडलं. स्टेपलर म्हणजे बचाव. पेपरवेट, पंचिंग मशीन, शिक्का – पुढचे खेळाडू. मधे सरांचा चहाचा कप.

‘‘हा मी. बॉल येतो, घेतो, ज्याला खेळता येतं त्याला देतो. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव येतं.’’

सरांनी विचारलं, ‘‘आणि तुझं कधी येतं?’’

‘‘चुकलो की.’’

सर हसले नाहीत. कप तिथेच राहिला, चहा गार झाला. मी नव्या पत्रातून ‘नामवंत’ काढून टाकलं, ‘दोनशे चाळीसहून अधिक’ही काढलं. दोनशे एक्केचाळीस, आणि रद्द झालेले दोन, कारणासकट. सरांनी लाल पेन उघडलंच नाही.

६ डिसेंबर, बुधवार

सोमवारपासून घरी, ताप. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत अजून लांब होती, तरी काल सरांनी स्वतःच पाकीट भरून पाठवलं. फोनवर म्हणाले, ‘‘तुम्ही झोपा. सगळं जोडलंय.’’

१ जानेवारी २००७

काही नाही. बर्फ.

१६ जानेवारी, मंगळवार

लोरिसने सामान बांधायला सुरुवात केली आहे, मिहीर सांगत होता. खोका आईला परत पाठवायचाय, कात्रणं फाइलीतून सुटी झाली का, असं त्याने विचारलंय. झाली आहेत. तारखांप्रमाणे लावून ठेवली. चौथं कात्रण वर ठेवावं असं वाटलं, ठेवलं नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

मंजूर! तीन वर्षं.

मिहीरने शेजारच्या दुकानातून पेढे आणले. लोरिसने सरांचा हात इतका वेळ धरून ठेवला की सर मराठीत बोलायला लागले. ‘‘अरे हो, हो, सोड आता.’’ मला म्हणाला, ‘‘सिन्योरा, शनिवारी सरावाला या. यावेळी बघायला.’’ येईन म्हटलं.

माझी सही चूक होती हे अधिकाऱ्याने वाचलं आणि तरीही त्याला राहू दिलं. दोन महिने घट्ट धरलेलं काहीतरी सुटलं. घरी येऊन भाकरी केल्या. प्रल्हाद म्हणाला, ‘‘आज चक्क गुणगुणतेस.’’

१९ जानेवारी, शुक्रवार

मंजुरीचा कागद फाइलीत लावायला डिसेंबरच्या पाकिटाची प्रत काढली. माझं निवेदन त्यात नाही. ते मागच्या खणात होतं, कोपऱ्यात सरांची पेन्सिल – ‘गरज नाही’. त्याच्या जागी सरांचं निवेदन, शपथेवर, १४ नोव्हेंबरचं. चूक माझी आहे, असं त्यांनी लिहिलंय. ‘भाषांतर करणारीने आपल्याला इटालियन पुरेसं येत नाही असं स्पष्ट सांगून सही करायला नकार दिला होता. मी तिला ती करायला लावली.’

२२ सप्टेंबरचं पान उघडून पुन्हा वाचलं. तिथे तसं काही नाही.

उद्या : सरांना घरी फोन करून विचारणे – मी नको कधी म्हटलं होतं?